कठड्याखालची फट

आत्यानं पात्याचं टोक फटीत घातलं आणि गेल्या वर्षी ती बुजवायला भरलेला मसाला उपसायला सुरुवात केली. उन्हानं वाळून कडेनं सुटलेला तो रबरी मसाला कधी लांबलचक वादीसारखा निघायचा, कधी नखाएवढ्या तुकड्यांनी छळायचा. गच्चीचा कठडा आणि स्लॅब जिथं एकमेकांना भेटतात तिथं, पूर्वेच्या अंगाला, ही फट होती. दर उन्हाळ्यात ती तोंड उघडायची आणि पावसाळ्याआधी आत्या ते बंद करायची. गुडघ्यांखाली जुनी उशी, डोक्याला रुमाल, शेजारी ब्रश, फडकं आणि मसाल्याची नवी नळी. गल्लीला हे इतकं सवयीचं झालं होतं की आत्या गच्चीवर ओणवी दिसली की लोक छत्र्या दुरुस्तीला टाकायचे.

खरं तर ती आत्या एकाच पुतण्याची. पण वाणी, दूधवाला, समोरच्या घरातले म्हातारे, सगळेच तिला आत्या म्हणायचे. फक्त मोठा भाऊ, दादा, तिला मुकादम म्हणायचा. वडील बांधकामावर मुकादम होते. हे घर त्यांनी उन्हात उभं राहून, प्रत्येक पाटी डोळ्यांखालून घालून बांधून घेतलं होतं. लहानपणी दादा चेंडू घेऊन पळायचा आणि ही वडिलांच्या मागे मागे फिरायची. पुढे वडिलांचे गुडघे गेले तेव्हा ते खाली खुर्चीत बसून सांगायचे आणि ही वर जाऊन करायची. त्यांच्यानंतर सांगणारं कुणी उरलं नाही, पण करणं चालूच राहिलं.

"मुकादम, आहेस का वर?" जिन्यातून दादाची हाक आली.

दादाबरोबर इंजिनिअर होता. तो येणार हे आत्याला ठाऊक होतं, किंबहुना त्याला आणायचा हट्ट तिचाच. घर वडिलांनी दादाच्या नावावर केलं होतं. दादा लग्नानंतर लवकरच शहराच्या दुसऱ्या टोकाला लिफ्टच्या इमारतीत राहायला गेला. आत्या आईवडिलांपाशी राहिली, एका शाळेच्या कचेरीत नोकरी करत, आधी वडिलांची आणि मग आईची दुखणी काढत. तिच्या लग्नाचं बघू बघू म्हणता म्हणता बघणारी माणसंच संपली. आता एक बिल्डर दादाच्या मागे लागला होता. हे घर पाडायचं आणि तिथं उंच इमारत उठवायची. आत्यालाही त्यात दोन खोल्या मिळतील, असा शब्द दादानं दिला होता. अडचण एवढीच होती की घर धोकादायक असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय पाडायची परवानगी मिळत नव्हती.

आत्यानं ऐकून घेतलं आणि साफ नाही म्हटलं. दोन खोल्या नकोत आणि लिफ्टही नको. घर धडधाकट आहे, धडधाकट घर पाडणं म्हणजे जिवंत माणसाला खांदा देणं. दादा हसला, तशी ती इरेला पेटली आणि तिनं पैज लावल्यासारखी अट घातली. इंजिनिअर आण. तो म्हणाला घर खचलंय, तर त्याच दिवशी बोचकं बांधते. पण तो म्हणाला ठणठणीत आहे, तर पुन्हा घर पाडायचं नाव काढायचं नाही. दादा लगेच कबूल झाला. जुनं घर म्हणजे पडकं घर असा त्याचा सरळ हिशेब होता, आणि गेली कित्येक वर्षं तो सणासुदीपुरता येऊन तासाभरात काढता पाय घेत असल्यामुळे तो हिशेब तपासायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

इंजिनिअर चाळिशीचा, कमी बोलणारा होता. त्यानं पिशवीतून छोटी हातोडी काढली आणि खांब, तुळया, छज्जे, जिन्याची खालची बाजू असं एकेक ठोकून ऐकायला लागला. काँक्रीट आतून सुटलं असेल तर आवाज बद्द येतो, धड असेल तर टणक येतो. आत्या त्याच्या पुढे पुढे चालत होती. इथं ठोका, तिथं ठोका, मोरीच्या मागे बघितलंत का, टाकीच्या खाली राहिलं. लग्न जुळवताना मुलगी दाखवतात तसं ती घर दाखवत होती. सगळीकडून आवाज टणक येत होता आणि प्रत्येक आवाजाला तिची मान नकळत हलत होती. त्यानं एका खांबाचा कोपरा छिन्नीनं जरासा फोडला तेव्हा मात्र तिनं दाढ काढताना मिटावेत तसे डोळे मिटले. आतली सळी स्वच्छ निघाली. गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता.

ते पुन्हा गच्चीवर आले तेव्हा दादाला बिल्डरचा फोन आला आणि तो बोलत बोलत जिन्यात उतरला. इंजिनिअर उपसलेल्या फटीपाशी बसला. त्यानं बोटानं आत चाचपलं, बाजूला पडलेल्या जुन्या मसाल्याचे तुकडे बघितले.

"हे कोण करतं?"

"मीच. दर वर्षी."

"एखादं वर्ष चुकलंय कधी?"

"आई गेली त्या वर्षीसुद्धा नाही."

त्यानं फटीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग त्यानं समजावून सांगितलं, जे तिला माहीतच होतं. या फटीच्या बरोबर खाली घराची मुख्य तुळई होती. इथून पाणी शिरलं तर खोलीत ठिपकायचं नाही, म्हणून कुणाला कळायचंही नाही. ते तुळईत मुरत राहील. सळ्या गंजतील, फुगतील, काँक्रीटला आतून रेटा देतील. घर बरीच वर्षं छान दिसेल आणि दिसेनासं होईल तेव्हा फार उशीर झालेला असेल.

"एवढं करत राहा," तो उठत म्हणाला. "मग घराला काही होत नाही."

खाली आल्यावर दादाला त्यानं सांगितलं की घर उत्तम आहे, अजून एक पिढी आरामात काढेल. धोकादायक असल्याचा दाखला तो देऊ शकत नाही. दादाचा चेहरा पडला. आत्यानं चहा टाकला, इंजिनिअरला आग्रहानं दुसरा कप दिला. दादानं चहा घेतला नाही. तो खुर्चीत बसून भिंतींकडे, छताकडे बघत राहिला. मध्येच त्यानं बोटांच्या पेरांनी शेजारचा खांब ठोकून बघितला. तो आयुष्यात पहिल्यांदा या घराकडे नीट बघत होता, आणि आत्याला वाटलं, उशिरा का होईना, त्याला लाज वाटली. ते दोघे गेल्यावर ती वर गेली आणि फट भरली. भरताना ती गुणगुणत होती.

पावसाळा सरल्यावर दादा आणि वहिनी आले. येताना फळं घेऊन आले, तेव्हाच आत्यानं ओळखायला हवं होतं. पुतण्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी चांगली, नोकरी करणारी, हसतमुख. आत्याला मनापासून आनंद झाला. या पोराला तिनं पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं. कधी, कुठं, किती माणसं, असं तिनं भराभर विचारलं आणि वहिनींनी भराभर सांगितलं. मग दादानं घसा साफ केला आणि वहिनींकडे बघितलं. अवघड बोलायचं आलं की तो आपला आवाज बायकोकडे ठेवायला द्यायचा.

वहिनी म्हणाल्या की नव्या नवरानवरीला जागा लागणारच. नवी जागा शोधायची म्हणजे जिवाचं रान. आणि इकडं एवढं ठणठणीत घर नुसतं पडलंय.

"पडलंय कुठं?" आत्या म्हणाली. "मी आहे की."

"तुम्ही आहात म्हणून तर ते असं राहिलंय, वन्सं. तुमचेच उपकार. तुम्ही राखलंत म्हणून आज पोराच्या कामी येतंय."

वहिनी हे टोमणा म्हणून बोलल्या असत्या तर आत्यानं परतून चार शब्द सुनावले असते. पण त्यांना ते खरंच तसं वाटत होतं. त्यांच्या डोळ्यांत चक्क माया होती. मायेनं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे आत्याला कधी जमलंच नाही.

पुढचं वहिनींनी तितक्याच मायेनं सांगितलं. आत्यानं आता त्यांच्याकडे राहायला यावं. एकटीनं किती दिवस काढायचे? गॅलरी बंद करून घेतली आहे, काचा बसवल्या आहेत, पंखा आहे, एक पलंग नीट मावतो. आत्यानं गच्चीलगतच्या वरच्या खोलीचं सुचवून बघितलं. ती एक खोली तिला पुरे, खाली मुलांनी राहावं. वहिनींनी मान हलवली. नव्या संसाराला मोकळीक लागते, वन्सं, तुम्हीच विचार करा. त्यावर जिचा संसार कधी झालाच नाही तिनं काय विचार करायचा? आत्या भावाकडे वळली.

"दादा, आपलं ठरलं होतं."

"पाडायचं नाही, असं ठरलं होतं," दादा म्हणाला. "पाडतोय कुठं?"

तो चिडला नव्हता. त्यानं शब्द पाळला होता आणि शब्द पाळणाऱ्याच्या समाधानानं तो बोलत होता. तिची अट तिच्याच पदरात परत आली होती आणि तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

मग दादा तिची समजूत काढायला लागला. तो म्हणाला, तू काय परकी आहेस का? भाडेकरू असता तर त्याच्याशी बोलणी करावी लागली असती, वकील करावा लागला असता. तू घरची. घरच्या माणसाशी कसली बोलणी? हे त्यानं तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं. आत्याच्या मनात आलं, आयुष्यभर या घरात भाडेकरू म्हणून राहिले असते तर आज कुणी मला विचारायला तरी आलं असतं.

ती दोघं गेल्यावर तिनं फळं तशीच ठेवली. तिला संताप आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं, म्हणून तिनं तो स्वतःवर काढला. एखाद्या वर्षी तरी कंटाळा करायला हवा होता. गच्चीच्या पाइपाच्या तोंडाशी पालापाचोळा साठला असता, पाणी तुंबलं असतं, भिंतींना ओल आली असती. चार ठिकाणी सळ्या उघड्या पडल्या असत्या, तर इंजिनिअरनं नाक मुरडलं असतं आणि दोन खोल्या मिळाल्या असत्या. नाही तर असल्या घरात सून पाठवायला वहिनी तरी धजल्या नसत्या. शेजारची बाई आपल्या घराकडे ढुंकून बघत नाही. तिचा छज्जा लोंबतोय, भिंतीवर पिंपळ उगवलाय, आणि तिला तिच्या जागेवरून कुणी हलवत नाही. राबून राबून आपणच आपल्याला घराबाहेर काढलं, हे आत्याला त्या दिवशी लख्ख दिसलं आणि पुढे ते दिसायचं थांबलं नाही.

वहिनींनी बोलावलं म्हणून एकदा ती गॅलरी बघून आली. पलंग खरंच मावत होता. काचेतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसत होते. पलंगाच्या बरोबर वर, छताला, एक बारीक तांबूस रेघ गेली होती. आत्यानं छत्रीच्या मुठीनं तिथं ठोकून बघितलं. आवाज बद्द आला. तिनं वहिनींना दाखवलं, आतली सळी गंजतेय म्हणून सांगितलं. वहिनी म्हणाल्या की रंग देणारच आहोत, झाकून जाईल. तुमची नजर म्हणजे ना, वन्सं. आणि त्या हसल्या, आत्याही हसली.

लग्न झालं. नवी जोडी सुरुवातीचे महिने दादाकडेच राहिली. उन्हाळा चढला तसा सामान हलवायचा दिवस नक्की झाला. आत्याचं सामान फार नव्हतंच. दोन ट्रंका, आईचं शिवणयंत्र, वडिलांची हातोडी. शिवणयंत्राला गॅलरीत जागा नाही असं कळल्यावर तेही कमी झालं.

निघायच्या आधीच्या रविवारी ती सकाळी वर गेली. मनात काही नव्हतं. उन्हाळा होता आणि हाताला सवय होती. उशी ठेवली, रुमाल बांधला आणि फट उपसली. ब्रशनं धूळ काढली, फडक्यानं कडा पुसल्या. फट स्वच्छ, कोरडी, उघडी झाली. नळीचं टोक कापायला तिनं कात्री घेतली, तेवढ्यात खालून पुतण्याची हाक आली. तो आणि त्याची बायको पडद्यांची मापं घ्यायला आले होते. आत्यानं नळी, कात्री, पातं पिशवीत टाकलं आणि ती खाली गेली.

मापं घेऊन झाल्यावर पुतण्या फोनमध्ये डोकं घालून बसला. सूनबाई मात्र आत्याच्या मागे मागे फिरायला लागली. पोरगी गोड होती. प्रत्येक गोष्टीला हात लावून बघायची आणि हात लावण्याआधी विचारायची.

"आत्या, मला सगळं दाखवून ठेवा ना. या घराचं काय काय करावं लागतं ते. बाबा म्हणाले, तुम्ही एकटीनं एवढं राखलंत. मला नीट करायचंय."

असं आत्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. वडीलसुद्धा, बिचारे, कर एवढंच म्हणाले होते. आत्यानं तिला सगळं दाखवलं. जिन्याच्या पायऱ्या ऍसिडनं घासायच्या नाहीत, काँक्रीट खाऊन टाकतं ते, साधा साबण पुरतो. तुळईत खिळा ठोकायचा नाही. मोरीच्या दोन फरश्यांमधली दर्ज सुटली की लगेच भरून घ्यायची. टाकी भरून वाहू द्यायची नाही. वेल भिंतीवर चढवायचा नाही, कितीही छान दिसला तरी. सूनबाई मान डोलवत ऐकत होती. अधूनमधून का म्हणून विचारत होती आणि आत्या सांगत होती. सांगता सांगता आत्याचा आवाज मोकळा झाला. तिनं काही म्हणता काही राखून ठेवलं नाही.

दोघी गच्चीवर आल्या. पाइपाचं तोंड दाखवून झालं, पाऊस सुरू होण्याआधी आणि मग दर आठवड्याला ते हातानं साफ करायचं. कुंड्या स्टँडवर ठेवायच्या, खाली ओल धरू द्यायची नाही.

"इथं आम्ही दोघं संध्याकाळी बसणार," सूनबाई म्हणाली. "वरच्या खोलीत पुढेमागे बाळाची खोली करू, असं आई म्हणत होत्या."

आत्यानं वरच्या खोलीकडे बघितलं. दार उघडं होतं. आत तिनं मागितलेली, तिला पुरे झाली असती ती जागा रिकामी पडली होती.

सूनबाई कठड्यापाशी गेली आणि खाली वाकली. उशी अजून तिथंच होती.

"आत्या, आणि ही फट?"

खाली रस्त्यावर कुणी तरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. आत्यानं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. आत नळी पात्याला लागून बारीक वाजली.

"ती जुनीच आहे," ती म्हणाली. "तिचं काही करायचं नसतं."

"पाणी नाही ना जात त्यातून?"

"आजवर थेंब गेला नाही."

"मग बरं," सूनबाई म्हणाली आणि हात झटकत उठली.

आत्यानं उशी उचलली, दोन थापा मारून धूळ झटकली आणि काखेत धरली. जिन्याच्या तोंडाशी सूनबाईनं तिचा दंड धरला. सांभाळून आत्या, ऊन लागलंय तुम्हाला. आत्यानं नको म्हटलं नाही. वडिलांनी ओतून घेतलेल्या, एकही कोपरा न उडालेल्या पायऱ्यांवरून दोघी हळूहळू खाली उतरल्या.